अर्धा आटा आणि रुखवताच्या कुरडया

रविवारी दुपारी बरोबर तीन वाजून दहा मिनिटांनी विश्वजीत म्हणाला, "तनू, विमानाच्या इंजिनाचा फक्त अर्धा आटा फिरवायचाय. पाच मिनिटांचं काम."

तनुजानं तिथंच सावध व्हायला हवं होतं. ह्याच नवऱ्यानं मागं पाच मिनिटांत नळ दुरुस्त केला होता आणि सारी इमारत रात्रीपर्यंत बादल्या घेऊन जिन्यात उभी होती. पण तिचा जीव कुरडयांत अडकलेला. सिडकोतल्या त्या इमारतीच्या गच्चीवर, जुन्या साडीवर, नणंदेच्या, प्रेरणाच्या, लग्नात रुखवतात मांडायच्या कुरडया वाळत होत्या.

गंगापूरहून सासूबाईंनी, म्हणजे आवडाबाईंनी, पहिल्यांदाच सुनेवर काही सोपवलं होतं. तेही कसं? "बघू, शहरातल्या पोरीला चीक तरी घोटता येतो का! पाचोडची वरमाय लई चिकित्सक हाये. एकेक कुरडई उजेडाला धरून बघंल." झालं! गहू भिजवल्यापासून तनुजाची झोप उडाली. कावळा बसेल, पाऊस येईल (एप्रिलात!), आपण वर असताना खाली पोरगं पलंगावरून पडेल. दीड वर्षाच्या सार्थकला शेजारच्या सरितापाशी झोपवून ती गच्चीवर पहारा देत होती.

विश्वजीतनं आपलं छंदाचं विमान गच्चीवर आणलं. कुणाकडून तरी जुनं घेतलेलं, हातभर पंखांचं, नाकात पेरूएवढं इंजिन. त्या पेरूला कार्बोरेटर आणि कार्बोरेटरला एक सुई. सुई आवळली की इंधन कमी, ढिली केली की जास्त. शास्त्र एवढंच. (एवढ्याशा शास्त्रावर पुरुषमाणसाचा अख्खा रविवार निघतो.)

"शेपूट धरून बस. सोडू नको."

"अहो, पण आधी ते पंख्याचं तोंड कठड्याकडं करा. कुणाची बोटं जातील."

"कुणाची? इथं मीच आहे."

"तुमचीच म्हणते मी."

विमान फिरवलं. नाक कठड्याकडं, शेपूट कुरडयांकडं. (ही सूचना तनुजाची. पुढं घरात ह्याचा उल्लेख फार वेळा झाला.)

इंजिन खोकललं, शिंकलं, गप्प झालं. तेवढ्या आवाजावर खालच्या मजल्यावरचे त्रिंबकराव वर आले. रिटायर झाल्यापासून ते इमारतीत कुठंही काही बिघडायची वाट बघत असत.

"कार्बोरेटर? सरका, विश्वजीतराव. माझ्या लुनाचा कार्बोरेटर मी डोळे मिटून लावायचो." (ती लुना काकांनी चालवली कमी आणि ढकलली जास्त, असं त्यांची बायको सुकेशनीकाकू सांगतात.)

"काका, हे वेगळं असतं."

"कार्बोरेटर म्हणजे कार्बोरेटर. ढिला करा."

"व्हिडिओत आवळा म्हणतोय."

"त्या व्हिडिओवाल्यानं लुना चालवलीय का?"

विश्वजीतनं सुईला हात घातला. ढिला केला. पांढरा धूर उसळला आणि इंजिन म्हशीसारखं हंबरलं. आवळला, तर असं किंचाळलं की तनुजानं मान खाली घालून डोळेच मिटले. पोरगं उठेल, शेजारी भांडायला येतील, इंजिन फुटेल, पेपरात फोटो येईल. ती शेपूट धरून बसली. काका ढिला करायचे, नवरा आवळायचा. देशाचा कारभार चालवावा तसे दोघं एका सुईवर भांडत होते, आणि काम मात्र शेपूट धरणारीच्या हातावर चाललेलं.

चेहरा ओला झाला. ऊनच तसलं होतं, तिला वाटलं घाम. मागं साडीची फडफड ऐकू आली. तिला वाटलं, बरं झालं, वारं सुटलं. कुरडया लवकर वाळतील.

इंधन संपलं तेव्हा भांडण मिटलं. तनुजानं मागं वळून एक कुरडई उचलली. हातातून निसटली. वास घेतला.

"अहो! एरंडेल!"

"मग? इंधनात असतंच, धुराबरोबर मागं उडतं," विश्वजीत शांतपणे म्हणाला. "वंगणाला. बाकी स्पिरिट."

"बाकी स्पिरिट?"

तेवढ्यात जिन्यातून हाक आली, "तनुजाऽऽ!" आवडाबाई दुपारच्या एसटीनं न कळवता हजर, आणि कडेवर सरिताकडून घेतलेला सार्थक. त्या थेट साडीपाशी गेल्या. एक कुरडई उजेडाला धरली.

"अगं बाई, काय चकाकी! आजवर अशी कुरडई नाय पाह्यली. पाचोडवाली आता बोलंल का तोंड वर करून? काय लावलंस गं?"

आयुष्यात पहिल्यांदा सासूनं कौतुक केलं होतं. गप्प बसलं तर जन्मभराची शाबासकी. विश्वजीत मागून खुणा करत होता, बोलू नको. तिनं ठरवलं, नाही बोलायचं. रुखवत काय, बघायचंच तर असतं.

आवडाबाईंनी कौतुकानं एक तुकडा मोडला आणि सार्थकच्या तोंडाशी नेला. "घे माझ्या राज्या, आईच्या हातची."

"नकोऽऽ! विमानाचं तेल आहे त्याच्यावर! विष असतं!" तनुजा अशी झेपावली की तुकडा एकीकडं, आवडाबाईंचा चष्मा दुसरीकडं. सार्थकनं भोंगा पसरला. इंजिनापेक्षा मोठा.

मग सगळं सांगावं लागलं. आवडाबाईंनी आधी लेकाकडं पाहिलं, मग काकांकडं. काकांना खाली अचानक काम आठवलं.

"आन् इमान इकडं कुणी वळवलं?"

"हिनं," विश्वजीत लगेच म्हणाला.

आवडाबाईंनी चष्मा उचलून पदरानं पुसला. शेवटी म्हणाल्या, "लगीन तोंडावर आलंय. मांडायच्या ह्याच. खायच्या मी करते."

"मग मी काय करू, आत्या?"

"तू ताटापाशी उभी ऱ्हा. कुणी हात घातला की धर. जेवायला आम्ही बोलवू तुला, उरलं तर."

तेव्हा प्रेरणाच्या लग्नाला गंगापूरला जे कुणी येणार असतील, त्यांना एवढा निरोप द्या: रुखवतातलं सगळ्यात देखणं ताट लांबूनच बघा. लेकुरवाळ्यांनी पोरं कडेवर घट्ट धरा. आणि ताटामागं नवी साडी नेसून उभी असलेल्या सुनेला, वरमायेच्या देखत, चकाकीची रीत तेवढी विचारू नका. एकमेकांना सांगा, बाबांनो.