भेकरीण गप्प बसली

एका जंगलात, बाळांनो, एका भेकरणीला झोप येत नव्हती. गवत मऊ होतं, वारा मंद होता, वाघ जेवून झोपला होता. तरी येत नव्हती. कारण तिचं पाडस संध्याकाळी एकदा शिंकलं होतं.

भेकर म्हणजे काय, माहीत आहे ना? छोटंसं हरीण. धोका दिसला की ते कुत्र्यासारखं भुंकतं, आणि बाकीचं जंगल सावध होतं. काम मोठ्या जबाबदारीचं. या भेकरणीचं नाव शर्वरी. ती घुबडाच्या शाळेत शिकलेली होती, त्यामुळे तिला धोके पुष्कळ माहीत होते. अडाणी भेकरं वाघ दिसला की भुंकत. शर्वरी वाघ दिसला की भुंके, पान पडलं की भुंके, आणि पडायला आलेलं पान पडलं नाही, तर का पडलं नाही म्हणून भुंके.

सुरुवातीला तिचं 'भ्याक!' ऐकून सगळे पळत सुटत. मग नुसते माना वर करून बघू लागले. मग कुणी कानसुद्धा हलवेना.

"शर्वरी आहे," असं म्हणून ससे पुन्हा चरायला लागत.

तर त्या रात्री शर्वरी स्वतःशी म्हणाली, "एक शिंक. सगळीच पाडसं शिंकतात." मग तिला वाटलं, असं म्हणून निवांत झोपलेल्या आयांचं पुढे काय होतं? ते शाळेत शिकवलेलं नव्हतं. मग तिने जिभेखाली जपून ठेवलेली उतारीची मुळी काढली आणि झोपलेल्या पाडसाच्या, रुणूच्या, तोंडात सरकवली. खबरदारी म्हणून.

उतारी ही मुळी अस्वलरावांनी शोधून काढली होती. एक तुकडा चघळला की ताप उतरायचा. तापाच्या जंतूंना पळता भुई थोडी व्हायची. अस्वलराव जनावरांचे वैद्य होते. जंगलाच्या कडेला माणसांचा एक पाडा होता, तिथे केरूतात्या वैद्य होते. आणि ओढा, डबकी, माती, झाडं यांच्या प्रकृतीची जबाबदारी बगळेसाहेबांकडे होती.

तिघं एकमेकांशी बोलत नसत. भांडण वगैरे नव्हतं. वाघोबा महाराजांनी तिघांच्या हद्दी ठरवून चुन्याच्या रेषा मारून दिल्या होत्या, आणि रेषेपलीकडे डोकावणं असभ्य समजलं जाई. जागोजागी पाट्याही होत्या. ओढा मात्र तिन्ही रेषा ओलांडून वाहायचा. जंतूही ओलांडायचे. त्यांना वाचता येत नव्हतं.

आता कोल्हेशेठ. कोल्हेशेठनी ओढ्याकाठी कोंबड्या पाळल्या होत्या. कशासाठी, ते मोठे झालात की कळेल. दाण्यात उतारी मिसळली की कोंबडी आजारी असो-नसो, झटपट गुबगुबीत होते, असा त्यांना शोध लागला होता. खुराडं धुतलेलं पाणी ओढ्यात जाई. पाड्यावर माणसांचं डोकं दुखलं, कंबर धरली, पाहुणे आले, की उतारी उकळली जाई आणि चोथा ओढ्यात जाई. शर्वरी म्हणाल, तर ती फक्त शिंकेला द्यायची. आणि जांभईला. आणि रुणू जास्तच शहाण्यासारखी वागली, तर त्यालाही.

हळूहळू ओढ्यातल्या बेडकांना कडवट ढेकर येऊ लागले.

जंतूंचं म्हणाल, तर पहिल्या पहिल्यांदा ते मुळीच्या वासानेच मरत. मग नाक दाबून बसायला शिकले. मग नाक दाबायची गरज उरली नाही. शेवटी शेवटी तर ते उतारी चटणीसारखी तोंडी लावू लागले.

आणि मग एके दिवशी रुणूला खरोखरचा ताप आला.

कान चटका बसावा इतके तापले. पाय पोटाशी मुडपून ती पडून राहिली. दूध नको म्हणाली. शर्वरीने मुळी दिली. आणखी एक दिली. ताप जागचा हलला नाही.

ती अस्वलरावांकडे धावली.

"या शर्वरीबाई. आज काय, जांभई का?" अस्वलराव म्हणाले. मग येऊन त्यांनी रुणूच्या कपाळाला पंजा लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. "उतारी दिली?"

"दिली."

"कधीपासून देते आहेस?"

शर्वरीने खुराने माती उकरली. "जन्मल्यापासून."

अस्वलरावांनी पंजा काढून घेतला. मग म्हणाले, "हा जनावरांचा ताप नव्हे. आमचे ताप उतारीला ऐकतात. हा पाड्यावरून आलाय. तिकडे विचार."

"तुम्ही विचाराल का? तुमचं ऐकतील ते."

"मी?" अस्वलराव दचकले. "रेषेपलीकडे?"

ती पाड्यावर गेली. केरूतात्या दारात बसले होते. डोळे तारवटलेले होते.

"ताप आहे इकडे," ते म्हणाले. "माझ्याच नातवाला आहे. उतरत नाही. पण हा आमचा नव्हे बाई, कोंबड्यांचा आहे. कोंबड्या अस्वलाकडे येतात. आणि तुला तर पाय चार." त्यांनी खात्रीसाठी मोजले. "चारच आहेत."

ती ओढ्यावर गेली. बगळेसाहेब एका पायावर उभे होते.

"पाण्याला ताप नाही," ते डोळे न उघडता म्हणाले.

"पण साहेब, पाण्यात उतारी उतरली आहे म्हणतात."

"उतरली आहे. पाण्याला सोसते. पिणाऱ्यांचं काय होतं, तो विषय माझ्याकडे येत नाही."

शर्वरी परत आली. रुणूचा श्वास भरभर चालला होता. शर्वरीने मान वर केली आणि जीव तोडून ओरडली, "भ्याक!"

"शर्वरी आहे," ससे म्हणाले.

ती पुन्हा ओरडली. पुन्हा ओरडली. शेवटी आवाज फाटला. ओरडणं कुणालाच लागू पडलं नाही.

तेव्हा ती गप्प बसली. पाडसाला कुशीत घेऊन त्याचे तापलेले कान चाटत राहिली.

एक पान पडलं. ती ओरडली नाही. फांदी मोडली. ती ओरडली नाही. सशांच्या तोंडातला घास तसाच राहिला.

"पान पडलं ना आत्ता?"

"पडलं की."

"मग ही ओरडली कशी नाही?"

ही बातमी जंगलभर झाली. भेकरणीचा आवाज आला नाही म्हणून वाघोबा महाराजांची दुपारची झोप मोडली. केरूतात्या दारातून उठले. अस्वलराव गुहेतून निघाले. बगळेसाहेबांनी दुसरा पाय खाली ठेवला. असं काहीतरी भयंकर घडलंय की शर्वरीलासुद्धा ओरडता येत नाही, याबद्दल कुणालाच शंका उरली नाही. जो तो तिच्या झुडपाकडे निघाला आणि घाईत एकाचंही रेषेकडे लक्ष गेलं नाही.

झुडपापाशी तिन्ही वैद्य समोरासमोर आले. फार अवघडल्यासारखं झालं.

"आपण इकडे?" बगळेसाहेब म्हणाले.

"सहज," अस्वलराव म्हणाले. "फिरत फिरत."

केरूतात्यांचं लक्ष रुणूकडे गेलं आणि ते रेषाबिषा सगळं विसरले. "अरे, माझ्या नातवाचं हुबेहूब असंच आहे! कान तापतात, श्वास चढतो."

"कोंबड्यांचंही असंच," अस्वलराव हळूच म्हणाले. "खुराड्यातल्या."

"खुराड्याच्या खालच्या अंगाचे बेडूकही मरगळलेत," बगळेसाहेब म्हणाले. "मला वाटलं, त्यांचा स्वभाव."

तिघांनी मागे वळून बघितलं. कोल्हेशेठही गर्दीत आले होते.

"माझ्याकडे काय बघता?" कोल्हेशेठ म्हणाले. "मी दाण्यात अगदी थोडी घालतो."

"आम्हीही थोडीच उकळतो," केरूतात्या म्हणाले.

"मीही थोडीच देत होते," शर्वरी म्हणाली.

झुडपामागून ओढ्याचा आवाज येत होता. सगळ्यांची थोडी थोडी त्याच ओढ्यात जात होती.

मग तिन्ही वैद्य खाली बसले. खुराड्याच्या वरच्या अंगाला एक झरा अजून गोड आहे, हे बगळेसाहेबांना माहीत होतं. पाडसाला पाणी कसं पाजायचं, हे अस्वलरावांना माहीत होतं. ओल्या पट्ट्यांवर नातू कसाबसा तग धरून आहे, हे केरूतात्यांना माहीत होतं. उतारी बंद, असं तिघांनी ठरवलं.

"म्हणजे काहीच द्यायचं नाही?" शर्वरीने विचारलं.

"पाणी द्यायचं. थोडं थोडं. अंगावर ओलं शेवाळ ठेवायचं."

"आणि मी काय करू?"

"बसून राहायचं," अस्वलराव म्हणाले.

"मला बसता येत नाही हो."

"हे औषध उतारीपेक्षा कडू आहे खरं," अस्वलराव म्हणाले आणि झऱ्याकडे निघाले.

शर्वरी बसून राहिली. शेवाळ वाळलं की बदलायची. रुणू पाण्याला तोंड लावेना, तर ओला पाला तिच्या ओठांना लावायची. किती पानं पडली ते तिला कळलं नाही. मग एका सकाळी रुणूने कानावरची माशी उडवली आणि विचारलं, "दूध आहे?"

त्याच दिवशी पाड्यावरून निरोप आला, नातू उठून बसला आणि आईशी भांडतो आहे. कोंबड्या काही वाचल्या, काही गेल्या. कोल्हेशेठनी अश्रू ढाळले. जेवण झाल्यावर.

वाघोबा महाराजांनी दरबार भरवला.

"तीन वैद्य एकत्र आले म्हणून जंगल वाचलं," महाराज म्हणाले. "यापुढे तिघांनी नेहमी एकत्र यावं. त्यासाठी एकत्र येण्याचं एक चौथं खातं काढा. आणि त्याला त्याची स्वतंत्र चुन्याची रेषा मारून द्या."

टाळ्या पडल्या. अस्वलरावांनी पलीकडच्या डोंगरावरून एक नवी मुळी शोधून आणली होती. तिचं नाव महाउतारी. ती फक्त खऱ्या तापालाच वापरायची, अशी दवंडी पिटली गेली. कोल्हेशेठनी तिथल्या तिथे दोन पोती मागवली.

"खऱ्या तापासाठीच ना?" केरूतात्यांनी विचारलं.

"म्हणजे काय!" कोल्हेशेठ म्हणाले. "कोंबड्यांना खरा ताप येऊच नये म्हणून."

शर्वरीचा सत्कार झाला. गप्प बसल्याबद्दल तिला महाउतारीचा एक तुकडा भेट मिळाला. वापरायचा नाही, असं ठरवून तिने तो जिभेखाली ठेवला.

तात्पर्य : माणूस, कोंबडी, पाडस आणि ओढा यांचा एकमेकांशी काहीएक संबंध नसतो. संबंध दिसू लागला, तर मधे एक रेषा मारावी. औषध नेहमी जपून वापरावं. दुसऱ्यांनी.

हे तात्पर्य शर्वरी रुणूकडून पाठ करून घेत होती, तेवढ्यात रुणू शिंकली.

शर्वरी ओरडली नाही. तिने तोंड घट्ट मिटून घेतलं. मुळी जिभेखाली होती, तिथेच राहू दिली. पण रुणूचे कान तापलेत का, ते तिने एकदा चाटून बघितलं, मग पुन्हा, मग पुन्हा.

रुणूने तिच्याकडे बघितलं आणि तोंड उघडून पुढे केलं.

"दे आई. मी खाल्ली की तुला बरं वाटतं ना?"