पहाट-पलटण आणि अच्युतराव अस्वल

एका जंगलात, जिथे आताशा प्रत्येकालाच आपली तब्येत जरा नरमच वाटत असे, एक अस्वल राहत होतं.

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. ज्यांचे केस पिकलेत त्यांनीही मुलांतच बसावं. मांडी घालता येत नसेल तर खुर्ची घ्या. मलाही हल्ली येत नाही, म्हणून ही गोष्ट मी खुर्चीतूनच सांगतोय.

तर अस्वलाचं नाव अच्युतराव. जंगलाच्या मधखात्यात ते तीस वर्षं हेडक्लार्क होते. आता निवृत्त झाले होते. बायको त्याआधीच गेली होती. दोन्ही पिल्लं घाटापलीकडच्या जंगलात स्थायिक झाली होती. तिकडे म्हणे हवा चांगली असते. त्यामुळे अच्युतराव गुहेत एकटेच असत. कधी कधी सबंध दिवसात त्यांच्या तोंडून एकच आवाज निघे, आणि तो जांभईचा असे.

बाकी आपलं उत्तम चाललंय, असं ते स्वतःला सांगत. ऐकायला दुसरं कोणी नव्हतंच.

एके दिवशी ते मधासाठी मोहाच्या झाडावर चढले. झाड जन्मापासूनच्या ओळखीचं. पण त्या दिवशी पहिल्याच बेचक्यात त्यांचं पोट अडकलं. वर जाता येईना, खाली उतरता येईना. दुपारपर्यंत निम्मं जंगल जमलं. माकडांनी पाय ओढले. रानडुकरांनी खालून सल्ले दिले. शेवटी फांदीनेच हार मानली आणि अच्युतराव फांदीसकट खाली आले.

“अरेरे!” गर्दीतून कोणीतरी कळवळून म्हणालं. “किती जुनं झाड होतं!”

अच्युतराव लंगडत वैद्य बगळ्यांकडे गेले. वैद्य एका पायावर उभे राहून रोगी तपासत.

“पहाटे उठा. मोकळ्या हवेत व्यायाम करा,” वैद्य म्हणाले.

“पहाट म्हणजे नक्की कधी?”

“सूर्य उगवायच्या आधी.”

“त्याच्या आधी उठून करायचं काय? त्याला उठवायचं?”

वैद्यांना विनोद कळत नसे. त्यांनी दुसरा पायही खाली टेकवला. तेव्हा मात्र प्रकरण गंभीर आहे हे अच्युतरावांच्या लक्षात आलं.

त्याच सुमाराला पाणवठ्याजवळच्या माळावर चौशिंगे सरांनी व्यायामाचा बूटकँप काढला होता. चौशिंगा म्हणजे हरणासारखाच, पण चणीने अगदी लहान. शिंगं मात्र चार. सर बोलू लागले की चारही शिंगं एकदम बोलतायत असं वाटे. कँपचं नाव होतं ‘पहाट-पलटण’. बूट कोणालाच नव्हते. सरांना खूर होते, एवढाच काय तो बुटाशी संबंध.

अच्युतराव गेले तेव्हा माळावर तिघंजण आधीच थंडीने कुडकुडत उभी होती.

एक घोरपडे काकू. त्या जातीच्या घोरपड. सरांनी सगळ्यांना कोपरांवर अंग तोलून धरायला लावलं. त्याला प्लँक म्हणतात. काकू वीस मिनिटं तसूभर हलल्या नाहीत. सर गहिवरले. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की काकूंना झोप लागली आहे.

दुसरे कासवे वकील. त्यांच्याकडचा एकही खटला वादी-प्रतिवादी हयात असताना निकाली निघाला नव्हता. त्यांचं घर माळापासून हाकेच्या अंतरावर होतं. त्यामुळे आदल्या दिवशी संध्याकाळी निघालं तरी त्यांना चालत असे.

आणि तिसऱ्या साळुंके बाई. जातीच्या साळिंदर, निवृत्त शिक्षिका. अंगभर काटे. त्यांच्या शेजारची जागा सभेत, लग्नात, पंगतीत नेहमी रिकामी असे.

“जोड्या करा!” सर ओरडले.

काकूंनी पटकन वकिलांची पाठीवरची ढाल धरली. उरले अच्युतराव आणि बाई.

“घाबरू नका,” बाई म्हणाल्या. “मी चिडले तरच काटे उभे राहतात.”

“आणि आपण चिडता कधी?”

“कोणी काम अर्धवट टाकलं की.”

मग सरांनी बर्पी नावाचा प्रकार शिकवला. आडवं व्हायचं, उठायचं, उडी मारायची, पुन्हा आडवं व्हायचं. अच्युतरावांना यातला पहिला भाग फार आवडला. तो त्यांनी मन लावून केला. पुढच्या भागांसाठी बाईंना मागून एक काटा किंचित टोचावा लागला. तिसऱ्या बर्पीला अच्युतरावांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. चौथीला ते करवंदीच्या जाळीमागे गेले आणि भडाभडा ओकले.

परतताना त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं की, पुन्हा इकडे फिरकायचं नाही.

“उद्या मी तुमच्या गुहेबाहेर येईन,” बाई म्हणाल्या.

“अहो, कशाला त्रास! मला जागच येत नाही.”

“मी हाक मारणार नाही. नुसती उभी राहीन.”

मुलांनो, हाक मारणाऱ्याला फसवता येतं. झोपेचं सोंग घेता येतं, घोरून दाखवता येतं. पण थंडीत गप्प उभं असलेल्याचं काय करायचं? दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेर काट्यांची बारीक सळसळ ऐकू आली. अच्युतरावांनी कूस बदलली. पुन्हा बदलली. मग एक शिवी दिली आणि उठले. त्यांच्या दाराशी कोणी येऊन उभं राहिल्याला बरेच महिने लोटले होते.

आश्विन गेला, कार्तिक गेला. पलटण टिकली. एक पोपट नेमला होता. त्याला निरोप सांगितला की तो सगळ्यांच्या दारात जाऊन ओरडे. काकू रोज त्याच्याकरवी ‘सुप्रभात’ पाठवत. सर ‘सबब सांगणाऱ्याला शिकारी गाठतो’ असले सुविचार पाठवत. पळसाच्या पानांचे एकसारखे सदरे झाले. अच्युतरावांचा पोटावर फाटला, तरी ते तो घालून जंगलभर हिंडत. वाटेत मुंगी भेटली तरी तिला थांबवून सांगत, “आज पंचवीस स्क्वॉट मारले.” मुंगी पाठीवर आपल्या सहापट दाणा घेऊन उभी असे. ती म्हणे, “वा!”

पण खरी मजा व्यायाम संपल्यावर असे. सर गेले की चौघं पाणवठ्याच्या खडकावर पसरत.

“मेल्याला दया म्हणून नाही,” काकू सुरुवात करत.

“याच्यावर दावा लावता येईल,” वकील म्हणत. “निकाल माझ्या नातवाच्या नातवाला मिळेल, पण लावता येईल.”

“माझा गुडघा कसा वाजतो ऐकायचाय?” अच्युतराव विचारत आणि वाजवून दाखवत. मग सगळेच आपापले सांधे वाजवत. बाईंना पाठ दुखल्याचं सांगायला आवडे, कारण तिघंही लगेच “कुठे, कुठे?” म्हणून विचारत, लांबून का होईना. तासभर अशी कण्हाकण्ही चाले. अच्युतराव घरी परतत तेव्हा बोलून बोलून त्यांचा घसा बसलेला असे.

दोन महिन्यांनी वैद्यांनी त्यांचं वजन पाहिलं. रतीभरही उतरलं नव्हतं. खडकावर बसल्या बसल्या वाळवलेली मोहफुलं पोटात किती जातात हे कोणी मोजत नव्हतं.

मग पौष लागला. दवाचं पार बर्फ व्हायला लागलं. एका पहाटे जाग आल्यावर अच्युतरावांच्या मनात स्वच्छ विचार आला. बस झालं. बाईंना तोंडावर नाही म्हणणं जमणार नव्हतं. म्हणून त्यांनी ठरवलं की, बाई यायच्या आधीच निघायचं, माळावर सरांना गाठायचं, गुडघ्याचं कारण सांगायचं आणि मोकळं व्हायचं. वाटेत त्यांनी भाषण पाठ केलं. ‘आपल्या मार्गदर्शनाबद्दल मी आजन्म ऋणी आहे’ हे वाक्य चांगलं जमलं होतं.

माळाच्या उतारावर त्यांना एक दगड दिसला. दगडाला चार पाय होते, आणि चारही वर होते.

“वकीलसाहेब!”

कासवे वकील पाठीवर उलटे पडले होते. दवावरून पाय घसरला असणार. कधीपासून पडले होते कोण जाणे. पोटावर दव गोठलं होतं. अच्युतरावांनी पंजा घालून त्यांना सरळ केलं, पण वकील हलेनात. मान आत ओढलेली. अच्युतरावांनी हाक मारली. पुन्हा मारली. मग काही न सुचून त्यांना उचललं, पोटाशी धरलं आणि तसेच गवतात बसले. वकील आख्खेच्या आख्खे त्या केसाळ पोटात बुडाले. आपल्या पोटाचा कोणाला उपयोग होतोय, असं अच्युतरावांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

“उठा हो,” ते पुटपुटत राहिले. “उठा. अजून बर्पी राहिल्यात.”

बऱ्याच वेळाने पोटातून क्षीण आवाज आला. “तुमच्या पोटातून गुरगुर ऐकू येतेय. ती भूक आहे की हरकत?”

अच्युतरावांना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. ते एकदम ओरडले, “अहो, मरायचं होतं का तुम्हाला? एवढा काय तो व्यायामाचा सोस!”

“सोस?” वकिलांनी मान बाहेर काढली. “मला व्यायामाचा तिटकारा आहे.”

“मग येता कशाला?”

“तुमच्यासाठी. मी तर सोडणारच होतो, पण पहिल्या दिवशी तुम्ही ओकलात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आलात. म्हटलं, या गृहस्थाची केवढी जिद्द! आपण नाही गेलो तर त्यांचं मन खचेल.”

“माझी जिद्द? अहो, मी येतो तो बाईंमुळे! त्या थंडीत उभ्या असतात म्हणून.”

“आज उभी राहून राहून माझे पाय मोडले,” मागून आवाज आला. साळुंके बाई सगळे काटे उभारून आल्या होत्या. पण वकिलांची दशा पाहिली आणि काटे खाली बसले. अच्युतरावांनी सगळं सांगितलं.

“माझं म्हणाल,” बाई म्हणाल्या, “तर मला उड्या मारायला मुळीच आवडत नाही. माझेच काटे मला लागतात. पण काकूंना घरात झोप येत नाही. त्यांना इथेच येते. म्हणून मी आपली येते.”

तेवढ्यात काकू आणि सर आले. बाईंनी काकूंना सरळच विचारलं.

“मी?” काकू म्हणाल्या. “अगं, मी या सरांच्यापायी येते. एवढंसं ते लेकरू, एकटंच माळावर कोकलत असतं. समोर ऐकायला कोणीतरी नको का?”

सगळे सरांकडे पाहू लागले. सरांनी शिंगं खाली घातली.

“मी कार्तिकातच बंद करणार होतो,” ते हळूच म्हणाले. “मलाही सकाळी उठवत नाही. पण वकीलसाहेब आदल्या संध्याकाळी निघतात. ते निम्म्या वाटेवर असताना कँप बंद झालाय असं कसं कळवणार?”

मग काकू हसल्या आणि सगळेच गडाबडा लोळून हसले. त्याच जागी, एकमताने, पहाट-पलटण बरखास्त झाली. सगळ्यांनी सगळ्यांना मिठ्या मारल्या. बाईंना नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी पहाटे अच्युतरावांना नेहमीच्या वेळेला जाग आली. आता झोपायला कोणाची हरकत नव्हती. त्यांनी कूस बदलली. कान बाहेर लागले होते. सळसळ नव्हती. पाला होता, तोही गप्प. ती शांतता त्यांच्या चांगली ओळखीची होती. तिच्याबरोबर त्यांनी बराच काळ काढला होता.

“माळावर कोणी नाही ना, एवढं बघून येऊ,” असं म्हणत ते निघाले.

माळावर साळुंके बाई होत्या. त्या सहज आल्या होत्या. काकूही सहजच आल्या होत्या. सर गवताची प्रत तपासायला आले होते. वकील घरी पोचलेच नव्हते. ते अजून परतीच्या वाटेवर, माळाच्या कडेलाच होते.

सगळे खडकावर बसले.

“आज थंडी कमी आहे,” अच्युतराव म्हणाले.

“हो.”

“कालच्यापेक्षा.”

“हो ना.”

काकूंनी डोळे मिटून पाहिले. झोप येईना. अच्युतरावांनी गुडघा हलवून पाहिला, पण तो वाजला नाही. पाच जणांना बोलायला एक विषय सापडेना. कोणाचं काही दुखत नव्हतं, कोणावर राग नव्हता. मुलांनो, त्या खडकावर त्या सकाळी जेवढं सुख होतं तेवढं आधी कधीच नव्हतं, आणि सगळे नुसते अवघडून बसले होते.

वकिलांनी निरोप घ्यायला सुरुवात केली. “बरं मग... निघावं म्हणतो.”

अच्युतराव ताडकन उभे राहिले.

“सर, शिट्टी आहे का?”

“गळ्यात आहे. सवयीने राहिली.”

“मग वाजवा. आणि नेहमीपेक्षा कडक घ्या.”

“किती कडक?”

“एवढं,” अच्युतराव म्हणाले, “की नंतर तासभर आम्हाला तुम्हाला शिव्या घालता आल्या पाहिजेत.”

सरांचे डोळे भरून आले. त्यांनी चारही शिंगं ताठ केली आणि सगळा माळ हादरेल अशी शिट्टी मारली.

“पन्नास बर्पी!”

“पन्नास?” काकू किंचाळल्या. “मेल्या, तुला आईबाप आहेत की नाहीत?”

“दावा लावतो!” वकील गरजले.

“माझी पाठ!” बाई म्हणाल्या.

आणि अच्युतराव अस्वल ‘अगं आई गं’ म्हणून कण्हत, अत्यंत आनंदाने, गवतात आडवे झाले.

तात्पर्य: आरोग्य हवं असेल तर घरी एकट्याने, वेळेवर आणि मोजकं खाऊन व्यायाम करावा. सोबत हवी असेल तर आवडीनिवडी जुळणारे शोधत बसू नये. सगळ्यांना सारखीच नकोशी अशी एखादी गोष्ट शोधावी, आणि ती पहाटे ठेवावी.