रेणूचा बदली-आदेश

मोहरीएवढा आतड्याचा तुकडा. उणे ऐंशी अंशांचं कपाट. घरजावई. वाटोळा शिक्का. कंसात लिहू नये.

नाव हाच प्रत्येकाचा खरा पत्ता असतो. शरीर ही निव्वळ गैरसोय. आमच्या संशोधनसंस्थेत हे तत्त्व काटेकोर पाळलं जातं.

सबस्टन्स पी हा न्यूरोपेप्टाइड, म्हणजे मज्जातंतूंचा निरोप्या रेणू. पण हा गृहस्थ आतड्याच्या हालचालीत लुडबुडतो, त्वचा सुजवतो, जखमा भरायला धावतो. रक्तातल्या रक्षक पेशी तर त्याला घरच्या घरीच बनवतात. तेही बदलीचा आदेश नसताना. (प्रवासभत्ता मागत नाही, हा त्याचा मोठेपणा.)

एक संशोधक बाई सात वर्षं रुग्णांच्या आतड्यांतला हा पी मोजत होत्या. मोहरीएवढ्या चारशे बारा नमुन्यांपैकी शंभर मोजायचे उरले, तोच ते गोठवून ठेवायच्या कपाटाचा अर्ज नव्याने भरायची वेळ आली. ‘विभाग’ या रकान्यात त्यांनी खरं तेच लिहिलं: आतडे (मज्जा). रकान्यात कंस चालत नाही. वाटोळा शिक्का मारून अर्ज परत.

मज्जाविभागाचे प्रमुख म्हणाले, “बाई, जावई आमचाच. पण आतड्यात घरजावई झालाय ना? मग त्यांनीच सांभाळावा.”

आतडेविभागाच्या प्रमुख फणकारल्या, “वा! आडनाव तुमचं आणि पोसायचं आम्ही?”

“अहो, शुक्रवारी कपाट रिकामं करणारेत,” बाई काकुळतीला आल्या. “माझी पदवी आहे हो त्यात.”

“पदवी कपाटात कशाला ठेवलीत?” दोघांनीही आस्थेने विचारलं. (दोन्ही विभागांचं एकमत झाल्याची ही पहिलीच नोंद.)

समिती बसली. आपल्याला आतडं असल्याचं एकसष्ट टक्के सदस्यांनी मान्य केलं. उरलेल्यांनी मत राखून ठेवलं. निर्णय: आतड्यातल्या पीला पाहुणा समजावं. पाहुण्याला कपाट देण्याची तरतूद नाही.

शुक्रवारी अकरा वाजता सगळे नमुने पिवळ्या पिशवीत गेले. कचराविभागाने एकही प्रश्न न विचारता सही केली.

हे वाचून तुमच्या पोटात तुटलं असेल, तर तक्रार कोणत्या विभागाकडे करायची ते आधी ठरवा. तुटलं नसेल, तर समितीत एक जागा रिकामी आहे.

सबस्टन्स पी पहिल्यांदा सापडला, तो मेंदू आणि आतडं या दोन्हींत.