मुलाच्या उंचीवरून

"आज खुर्च्या नाहीत," अध्यक्षांनी दारातच जाहीर केलं. "आज सगळ्यांनी खाली बसायचं."

सभासदांनी सभागृहात डोकावून पाहिलं. खरोखरच फरशीवर चटया अंथरल्या होत्या. खुर्च्या मागच्या खोलीत कुलूपबंद होत्या, आणि किल्ली खिशात घालून राखणदार जेवायला घरी गेला होता. हे चित्रपट मंडळ निवृत्त मंडळींचं. त्यातल्या निम्म्यांचे गुडघे कुरकुरायचे, उरलेल्यांचे कुरकुरून झाले होते.

"पण खाली कशाला?" दंतवैद्यांनी विचारलं.

"डॉक्टर, हा सिनेमा युद्ध एका मुलाच्या नजरेतून दाखवतो. दिग्दर्शकानं कॅमेरासुद्धा पोराच्या उंचीवर ठेवलाय. आपण खुर्चीत टेकून मोठ्यांच्या उंचीवरून बघितला, तर तो त्या पोराचा अपमान नाही का?"

पडद्यावरच्या पोराचा अपमान करायची कोणाचीच हिंमत झाली नाही. दंतवैद्य तर हिरिरीनं सगळ्यांच्या आधी मांडी घालून मोकळे झाले. सिनेमा संपला की लगेच अध्यक्षपदाची निवडणूक होती, आणि अध्यक्षांच्या विरुद्ध तेच होते. पोराविषयी कोणाला जास्त कळवळा आहे, यावरच मतं पडणार हे दोघंही जाणून होते.

मंडळाची आवडच तशी होती. गावात रणगाडा शिरतो, घरं पेटतात, आणि मोठ्या डोळ्यांचं एक पोर भिंतीच्या फटीतून बघत राहतं, असा सिनेमा असला की सभासद खूश. पहिल्या पंधरा मिनिटांत पोराचे आईबाप मेले नाहीत तर "पकड घेत नाही हो" म्हणून चुळबुळ सुरू व्हायची. मध्यंतरात चहा-बिस्किटं खाताना त्याच तोंडानं मानवजातीला नावं ठेवली जायची. ज्याचा रुमाल जास्त ओला, त्याची समज जास्त, असा इथला हिशोब होता. गल्लीत चेंडू खेळणाऱ्या खऱ्या पोरांना मात्र हीच माणसं खिडकीतून हाकलायची.

अध्यक्षांनी या खेपेला हुकमी पत्ता आणला होता. त्यांच्या सासूबाई लहानपणी खऱ्याखुऱ्या युद्धातून वाचल्या होत्या. लग्नाला तीस वर्षं झाली, पण जावयानं त्यांना त्याबद्दल एका शब्दानं विचारलं नव्हतं. आज मात्र सिनेमानंतर त्या दोन शब्द बोलणार, सभागृह हुंदके देणार, आणि त्याच ओल्या डोळ्यांनी मतदान होणार, असा बेत होता.

"आई काही बोलायची नाही हं," बायकोनं बजावलं होतं. "माझ्याशीसुद्धा कधी बोलली नाही त्यावर."

"अगं, माइक समोर आला की सगळे बोलतात."

सासूबाईंनी चटईकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, मी खाली बसले तर मला उचलायला चार माणसं लागतील." मग तिकीट फाडणाऱ्याचं स्टूल त्यांनी स्वतःच ओढून दाराशी ठेवलं आणि त्यावर बसल्या.

दिवे मालवले. सिनेमा परक्या भाषेतला होता आणि अर्थ पडद्याच्या तळाशी अक्षरांत उमटत होता. खुर्च्या असत्या तर तो दिसलाही असता. आता पहिल्या रांगेत अध्यक्षांचं भव्य टक्कल होतं, आणि त्याच्यामागे बसलेल्यांना अर्थाच्या जागी तेवढंच दिसत होतं.

"काय म्हणाला तो पोरगा?" मागच्या एक बाई कुजबुजल्या.

"पाणी मागतोय बहुतेक."

"मघाशी तर म्हणालात भाऊ हरवलाय."

"तोच पाणी आणायला गेला असेल."

अर्ध्या तासात कोणाची कंबर धरली, कोणाच्या पायाला मुंग्या आल्या. आज मध्यंतर नव्हतंच, कारण युद्धात मध्यंतर नसतं, असं अध्यक्षांचं म्हणणं. सुरुवातीलाच ढोसलेला चहा आता आपला हक्क मागू लागला होता. पण पडद्यावर गाव जळत असताना उठून बाथरूमला जायचं म्हणजे आपण माणूसच नाही असं ठरायचं. मंडळी कण्हत होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं शेजारी रडतोय. आपण मागे पडू नये म्हणून तोही मग जरा मोठ्यानं कण्हायचा. दंतवैद्यांनी तर असा हुंदका काढला की अध्यक्षांना पुढून तोडीस तोड हुंदका द्यावा लागला. एवढ्या सगळ्या कालव्यात पोराचं काय झालं ते कोणालाच कळलं नाही.

सिनेमा संपला. दिवे लागले. कोणीही जागचं हललं नाही.

"बघा," अध्यक्ष बसल्या बसल्या भरल्या गळ्यानं म्हणाले, "सुन्न झालोय आपण."

सुन्न झाले होते ते पाय. त्यांच्या बायकोनं उठायचा प्रयत्न केला आणि "अगं आई गं" म्हणत परत बसली. माइक मात्र हातोहात मागे गेला.

"आई," अध्यक्ष मान वळवून म्हणाले, "तुम्ही तेव्हा सहा वर्षांच्या होतात. तुमच्या त्या निरागस नजरेनं काय काय पाहिलं, ते या सगळ्यांना सांगा."

सासूबाईंनी माइक खेळण्यासारखा उलटसुलट करून पाहिला. "काही नाही पाहिलं," त्या म्हणाल्या. "पुढं मोठ्या माणसांच्या पाठी होत्या. आणि आईनं माझ्या डोळ्यांवर हात ठेवला होता."

अध्यक्षांचा चेहरा पडला. "पण वाटलं काय तुम्हाला? मनात काय होतं?"

"लघवीला लागली होती. आईला सांगायचं होतं, पण सगळे म्हणत होते गप्प बस. मग तिचा हात गळून पडला. सांगायचं राहूनच गेलं."

आता मात्र खरोखर कोणी हुंदका दिला नाही. बायको वळून आईकडे बघत राहिली.

ही शांतता वाया जाऊ देतील तर ते अध्यक्ष कसले. "चला, मतदान," ते घाईनं म्हणाले. "नेहमीसारखंच. माझ्या बाजूचे असतील त्यांनी उभं राहावं."

एकदा हात वर करून मतदान घेतलं तेव्हा सभासदांनी दोन-दोन हात वर केले होते, म्हणून उभं राहण्याचा हा नियम अध्यक्षांनीच केला होता. कोणीही उभं राहिलं नाही. त्यांची स्वतःची बायकोसुद्धा नाही.

दंतवैद्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "आता माझ्या बाजूचे उभे राहा." त्यांनी स्वतः जोर केला, अर्धे उठले, पोटरीत गोळा आला आणि शेजाऱ्याच्या मांडीवर कोसळले.

तेवढ्यात दाराशी सासूबाई उभ्या राहिल्या.

"आई, तुम्ही?" अध्यक्ष कळवळून म्हणाले. "डॉक्टरांच्या बाजूनं?"

"मी बाथरूमच्या बाजूनं," सासूबाई म्हणाल्या. "आणखी कोणाला यायचंय का? लाजू नका, सांगा."

चटयांवरून एकेक हात वर झाला, मग सगळेच. या खेपेला दोन हात कोणीच वर केले नाहीत. सासूबाईंनी आधी लेकीला हात देऊन उठवलं. मग लेकीनं दुसरीला आणि दुसरीनं तिसऱ्याला. दंतवैद्यसुद्धा कोणाचा तरी हात धरून लंगडत दाराबाहेर गेले.

सभागृह रिकामं झालं. पहिल्या रांगेत एकटे अध्यक्ष उरले, आणि त्यांना फरशीवरून फक्त बाहेर जाणाऱ्यांच्या पाठी दिसत होत्या.

"आई," ते शेवटी बारीक आवाजात म्हणाले, "मलापण."