अकराशे बेचाळीस नंबरचं पुस्तक

“हात सुपात, कान इकडे! ज्याचा हात थांबेल, त्याच्यासाठी मी थांबणार नाही!”

विडी कारखान्यातल्या उंच ओट्यावर बसून ओणक्कन रोज सकाळी ही ताकीद द्यायचा आणि वर्तमानपत्र उघडायचा. खाली नव्वद माणसं मांडीवर सुपं घेऊन विड्या वळायची. सकाळी बातम्या, दुपारी कादंबरी. ओणक्कनच्या वाट्याच्या विड्या बाकीचे वळून द्यायचे, कारण त्याचं काम एकच, वाचायचं.

चिरुतानं त्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली. एवढ्या वर्षांत कानावाटे अख्खं जग तिच्या पोटात गेलं. सुएझचा कालवा कुणी अडवला, चंद्रावर आधी कोणता पाय टेकला, रशियात गव्हाचं काय बिनसलं, विचारा आणि ऐका! गावात तिचा शब्द म्हणजे छापील शब्द. फक्त छापलेला एकही शब्द तिला वाचता येत नव्हता. आकडे यायचे, विड्यांचे कट्टे मोजून मोजून. सही यायची, रांगोळी काढावी तशी वळणं पाठ करून. बाकी अक्षर म्हणजे तिला मुंग्यांची रांग! हे तिला कुणी विचारलं नाही, हे खरं. तिनं आपणहून सांगितलं नाही, हेही खरंच.

साक्षरतेची मोहीम आली तेव्हा दोन पोरी वही घेऊन दारात उभ्या राहिल्या. आता सुटका, असं चिरुताला वाटलं. पण बोलता बोलता बर्लिनची भिंत निघाली. पोरी चहा पिऊन, तोंडात बोटं घालून परत गेल्या आणि जाताना चिरुताचं नाव ‘शिकवणाऱ्या’ या रकान्यात लिहून गेल्या! पुढे गाव शंभर टक्के साक्षर झाल्याचा दिवा लागला, तोही चिरुताच्याच हातानं. त्या रात्री तिला अन्न गेलं नाही.

तर असं हे गाव, आणि गावच्या वाचनालयाचे चिटणीस भरतन माश. माश म्हणजे मास्तर; निवृत्त मुख्याध्यापक. उत्साह असा की बंद छत्रीसुद्धा त्यांच्या हातात भाषण करील!

“एका महिन्यात!” माश पालकांच्या सभेत गरजले. “एका महिन्यात या गावातल्या प्रत्येक पोराच्या हातात पुस्तक दिसेल! बंद पडलेल्या टीव्हीवर कोंबड्या अंडी घालतील! पण आधी पालकांनी शिकायचं. आणि शिकवणार कोण? आपल्या चिरुता एच्ची!”

चिरुता उभी राहिली; एच्ची म्हणजे ताई, सगळ्या गावाची. तोंड तिला कधी दगा देत नसे.

“पोराला ‘वाच, वाच’ म्हणून टोचू नका,” ती म्हणाली. “मासळी तळायला घेतली की पोर चुलीपाशी आपसूक येतं की नाही? आधी वास जाऊ द्या. रोज दिवेलागणीनंतर पाव तास तुम्ही वाचा. पोराला जवळ घ्या. आणि गोष्ट अशा जागी थांबवा की पोराला झोप येता कामा नये!”

टाळ्यांनी कौलं हलली. माशांचे डोळे पाणावले. “उद्यापासून प्रत्येक घरात पाव तास! आणि सुरुवात एच्चींच्या घरी! एच्ची, पुस्तक तुम्हीच निवडा!”

वाचनालयातली सगळी पुस्तकं एकाच तपकिरी कापडात बांधलेली, एका आईची लेकरं असावीत तशी. चिरुतानं डोळे मिटून मुत्तप्पन देवाचं नाव घेतलं आणि हाताला लागलं ते ओढलं. माश भाषणाच्या नशेत होते. त्यांनी नंबर तेवढा नोंदवहीत लिहिला, अकराशे बेचाळीस.

संध्याकाळी दिव्यापाशी नामस्मरण झालं. चिरुतानं सहा वर्षांच्या नातीला, निमीला, मांडीवर घेतलं आणि पुस्तक उघडलं. देवाच्या दिव्यासमोर खोटं करायचं म्हणजे पापच! पण गोष्ट सुरू झाली आणि ती पाप विसरली. एक जहाज, त्याला किनारा सापडत नाही. जहाजावर मर्यम नावाची स्वयंपाकीण. ती वादळाचं पाणी उकळून सगळ्यांना पेज करून घालते. ओणक्कननं वाचलेल्या डझनभर कादंबऱ्यांची ती मिसळ, वरून चिरुताच्या पदरचं तिखट-मीठ. मधूनमधून बोटाला थुंकी लावून ती पान उलटायची.

“मग काय झालं, अच्छम्मा?” निमी आजीला विचारायची.

“आजचं पान संपलं!”

बारा दिवस मर्यम समुद्रावर होती. आणि या बारा दिवसांत निमीला अक्षरांचं वेडच लागलं. साबणाचा कागद, बसची पाटी, औषधाची बाटली, दिसेल ते बोट ठेवून ठेवून लावायची. सून प्रसीता हरखून गेली. “अम्मे, पोरगी भिंतीवरचा तांदळाचा भाव वाचत होती हो!” चिरुताला आनंदही झाला आणि घामही फुटला. आणखी दोन-चार महिन्यांत हेच बोट पुस्तकातल्या ओळीवर येणार! तिनं घाईघाईनं मर्यमला किनाऱ्याला लावलं आणि पुस्तक परत करून टाकलं.

पण निमीनं मर्यम वर्गात नेली होती. शनिवारी सव्वीस पोरं आणि त्यांचे आईबाप वाचनालयाच्या दारात!

“मर्यमचं पुस्तक द्या!”

माशांनी नोंदवही पाहिली, अकराशे बेचाळीस काढलं आणि सगळ्यात पुढे घुसलेल्या दिनेशन वायरमनच्या हातात ठेवलं. दिनेशननं त्या रात्री पोराला मांडीवर घेतलं आणि वाचायला सुरुवात केली. ‘नारळावरील गेंड्या भुंगा नवीन कोंब पोखरतो.’ आता मर्यम येईल, मग येईल, म्हणून बिचारा तीन रात्री भुंगेच वाचत राहिला! तिसऱ्या रात्री पोर झोपेत किंचाळलं, “बाबा, शेंडा जाळा!” आणि त्याच रात्री दिनेशनला दिसलं, पान चाळीसनंतर एकदम सत्तावन्न. मधली पानं गायब! बांधतानाच ती सुटली असतील, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

सकाळी तो सायकल आपटतच आला. “माश, बांधणीत दोन पुस्तकं एकत्र शिवली गेलीयत! मर्यम मधल्या सोळा पानांत होती. कुणीतरी फाडून नेली!”

“एच्चींनंतर पुस्तक कुणी नेलं?” माशांनी नोंदवहीवर बोट फिरवलं. “ओणक्कन.”

एक्क्याऐंशी वर्षांच्या ओणक्कनला बोलावणं गेलं. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून तो आला आणि बाकाची कड चाचपून बसला.

“एट्टा, तुमच्या दारात नारळाचं एक झाड नाही,” दिनेशन म्हणाला; ‘एट्टा’ म्हणजे दादा, पण आवाजात मान नव्हता. “मग किडीचं पुस्तक कशाला नेलंत?”

“नेलं,” ओणक्कन म्हणाला.

“अहो, पण कशाला?”

“नेलं.”

“पोरांच्या तोंडची गोष्ट फाडायची म्हणजे काय माणुसकी आहे?”

ओणक्कन भिंतीकडे बघत राहिला. माश चिरुताकडे वळले. “एच्ची, तुम्ही वाचलंत तेव्हा पानं जागेवर होती ना?”

सगळी खोली तिच्याकडे बघत होती. निमीनं तिचं बोट धरलं होतं, मान वर करून, ऐटीत. खरं उत्तर एका वाक्याचं होतं. जग पोटात घालून बसलेल्या चिरुताला तेवढं बाहेर काढता येईना.

“होती,” ती म्हणाली.

रविवारच्या सभेत निकाल लागेपर्यंत ओणक्कनचं कार्ड काढून घेतलं. पायऱ्या उतरताना पोरं मागून ओरडली, “पानचोर! पानचोर!” मोठ्यांनी पोरांना दटावलं नाही.

चिरुतानं सोमवारचा उपास धरला होता, तो मंगळवारीही सोडला नाही. बुधवारी ती ओणक्कनच्या घरी गेली. तो ओसरीत बसला होता.

“चिरुता ना? पाय घासत चालायची तुझी सवय गेली नाही.”

ती समोर उभी होती. तो तिच्या खांद्यापलीकडे बघत बोलत होता. तिनं हळूच हात हलवला. त्याची नजर हलली नाही.

“एट्टा! कधीपासून?”

“दोन वर्षं झाली. आधी मधलं गेलं, मग कडेचं. आता उजेड आहे का नाही, एवढंच कळतं.”

“आणि पुस्तकं?”

“नेतो आणि आणतो. मांडीवर ठेवतो. हाताला येईल ते. नारळाचं होतं, हे मला दिनेशननं सांगितलं तेव्हा कळलं!” तो हसला. “वाचणारा ओणक्कन आंधळा झाला, हे गावानं बोलायचं? त्यापेक्षा चोर बरा.”

चिरुता खाली बसली. “एट्टा, मला वाचता येत नाही.”

“माहीत आहे.”

“काय!”

“पहिल्या आठवड्यापासून. मी पेपर वर धरला की बाकीच्यांची नजर मथळ्यावर जायची. तू माझ्या तोंडाकडे बघायचीस. चौतीस वर्षं तोंडाकडेच बघितलंस.”

“आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाही?”

“तुला सांगायचं होतं का? नव्हतं ना? मग मी कोण सांगणारा!”

चिरुताच्या डोळ्यांना धार लागली. पदरानं डोळे पुसून ती म्हणाली, “हा डाग मी धुऊन काढीन. देवाशपथ. तुमच्या डोळ्यांबद्दल चकार शब्द काढणार नाही, पण डाग धुऊन काढीन.”

“नात आहे तुला, चिरुते. तुझ्याकडे बघून शिकतेय.”

“म्हणून तर.”

रविवारी वाचनालय गच्च भरलं होतं. चिरुता उठली.

“ओणक्कन एट्टांनी काही फाडलेलं नाही. मी खोटं बोलले. मला लिहिता-वाचता येत नाही. मर्यमची गोष्ट त्या पुस्तकात नव्हतीच, मी मनानं सांगितली.”

आधी दिनेशन खो खो हसला. मग सगळं वाचनालय हसलं!

“एच्ची, काय पण!”

“बर्लिनची भिंत कुणी समजावली होती आम्हाला?”

“दिवा कुणी लावला होता गावाचा?”

“अरे बाबांनो, खरंच सांगतेय! पेपर आणा, बघा, मला येत नाही!”

माशांनी पेपर तिच्या हातात दिला. तिनं तो नुसता धरला. पण वाचता न येणं करून कसं दाखवायचं? न वाचता उभं राहणं तर कुणालाही जमतं!

“बघा!” माश सभेकडे वळले. “एका म्हाताऱ्या सहकाऱ्याची अब्रू वाचवायला ही बाई स्वतःला अडाणी म्हणवून घेते आहे! एवढं मोठं मन मी आजवर पाहिलं नाही!” आणि कपाटात कुठल्याशा पाहुण्यासाठी ठेवलेली जरीची शाल काढून त्यांनी तिच्या खांद्यावर घातली. टाळ्या! चिरुता नको नको म्हणत होती आणि जितकी नको म्हणे, तितक्या टाळ्या वाढत होत्या.

निकाल लागला. एच्चींच्या थोर मनाचा मान राखून ओणक्कनला माफी. म्हणजे चोरी पक्की झाली! वर नियमाप्रमाणे कार्ड सहा महिने बंद. ओणक्कन मागच्या बाकावरून उठला, दाराची चौकट चाचपली आणि बाहेर गेला. त्याचे हात कुणी पाहिले नाहीत. सगळे शालीकडे बघत होते.

घरी आल्यावर निमी तिच्यासमोर उभी राहिली. “खरंच येत नाही?”

“नाही गं.”

“मग मर्यम?”

“माझ्या डोक्यात होती.”

“आणि ते आजोबा चोर नाहीत?”

“नाहीत. मी खोटं बोलले म्हणून लोक त्यांना चोर म्हणतात.”

एवढ्या मोठ्या गावात तिच्यावर विश्वास ठेवणारं माणूस अखेर एकच निघालं! आणि विश्वास ठेवल्यावर ते भिंतीकडे तोंड करून झोपलं. गोष्ट मागितली नाही. चिरुता दिव्यापाशी बसून राहिली. तोंडानं सांगून हा डाग जात नाही, हे तिला कळून चुकलं होतं. तोंडावर तर गावाचा केवढा भरवसा!

सकाळी तिनं आंघोळ केली, देवाला फूल वाहिलं आणि निमीच्या दप्तरामागची जुनी पाटी काढली. शाळेच्या पडवीत बाहेरगावच्या कामगारांसाठी मुळाक्षरांचा वर्ग चालायचा. ओरिसाचे गवंडी आणि बंगालचे सुतार तिथे गुडघ्यावर पाटी घेऊन बसत.

प्रसीता दारात आडवी आली. “अम्मे, जायचंच तर मागच्या सुपारीच्या बागेतनं जा. निदान पाटी पिशवीत तरी घाला! लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. त्यासाठीच तर चाललेय.”

मोठ्या रस्त्यानं जायचं म्हणजे वाचनालयावरून. व्हरांड्यात पेपर वाचणारे दहा-बारा जण होते. तिला बघताच दिनेशन उठला, त्यानं लुंगीसारखं वर खोचलेलं मुंडू अदबीनं खाली सोडलं.

“एच्ची, सकाळी सकाळी? वर्गाचं उद्घाटन आहे वाटतं!”

“नाही रे,” चिरुता म्हणाली. “नाव घालायला चाललेय. पहिलीत.”

दिनेशन हसायला गेला. पण एच्ची हसली नाही. तिनं पाटी दुसऱ्या हातात, व्हरांड्याच्या बाजूला घेतली आणि सावकाश शाळेच्या वाटेला लागली.