रणवीरवाले बाबाराव

पाथरीच्या बसस्टँडसमोर बाबाराव मेकॅनिकचं दुकान होतं. तिथं मंजुळ कंपनीचा रेडिओ दुरुस्तीला नेला की बाबाराव खुर्ची मागं सरकवायचे, टेबलावर कुणी विंचू सोडल्यासारखं. "आमी फक्त रणवीर उघडतो," एवढं बोलून ते पुन्हा कामाला लागत.

मी गावातल्या शाळेत मास्तर होतो आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहायचो. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळं संध्याकाळी ते माझ्याच ओट्यावर असत. तरुणपणी रणवीर कंपनीनं त्यांना हैदराबादला महिनाभर काम शिकवलं होतं. निघताना कंपनीच्या साहेबानं त्यांच्याशी हात मिळवला. त्या एका हात मिळवण्याला बाबाराव जन्मभर जागले.

रणवीरचा आवाज 'खानदानी' आणि मंजुळचा 'पडसं झालेला', असं त्यांचं ठाम मत. विद्यापीठाच्या नामांतराच्या धामधुमीत सातच्या बातम्यांना दुकानासमोर गर्दी जमायची. बातमी ऐकून लोक गंभीर व्हायचे, वाद घालायचे. बाबाराव मात्र सगळ्यांना एकच विचारायचे, आवाज कसा वाटला?

पुढं मंजुळनं छोटा ट्रान्झिस्टर काढला. शेरडं राखणारेसुद्धा तो गळ्यात अडकवून हिंडू लागले. रेडिओ हाय का ताईत, असं बाबाराव म्हणायचे, पण त्यांच्याकडचं गिऱ्हाईक आटलं. मग टीव्ही आले. त्यात रणवीरनं आधी उडी घेतली, तेव्हा बाबारावांनी गल्लीत पेढे वाटले. दोनेक वर्षांत मंजुळनं स्वस्त रंगीत सेट आणला आणि रणवीर पुन्हा मागं पडली. मी हळहळ व्यक्त केली, तर म्हणाले की बाहेर समदं रंगीतच बघायलोत, घरात तरी डोळ्याला आराम नको का.

खरा घाव घरातून बसला. त्यांची एकुलती लेक सुनंदा परभणीला दिली होती. जावई मारोतरावांनी तिथं टीव्हीचं दुकान काढलं, तेही मंजुळचं. उद्घाटनाला बाबाराव गेले नाहीत. पुढची चार वर्षंही गेले नाहीत. सुनंदा पंचमीला माहेरी आली की ते नातवंडांची, पिकापाण्याची, विहिणीच्या सांधेदुखीचीही चौकशी करत. दुकानाचं नाव काढत नसत. एकदा तिनंच, बघायला या म्हणून विनवलं. "गुडघा दुखायलाय," म्हणाले. त्याच दिवशी ते पेडगावला लग्नाला जाऊन आले होते.

अशातच रणवीर कंपनी बंद पडली. पेपरात कोपऱ्यात चार ओळी होत्या. बाबारावांनी त्या वाचल्या, पेंटर बोलावला आणि दुकानावरची रणवीरची पाटी नव्यानं रंगवून घेतली.

मंजुळचंही फार दिवस टिकलं नाही. परदेशी कंपन्या आल्या आणि मंजुळनं परभणीतलं दुरुस्ती केंद्र गुंडाळलं. लोक बिघडलेले सेट आणून मारोतरावांच्या दारात ठेवू लागले, वर चारचौघांत त्यांना बोलू लागले. नवरा दोन दिवस जेवला नाही, असं सुनंदाचं कार्ड आलं. मला वाटलं, बाबाराव आता मिशीला पीळ देतील. त्यांनी कार्ड दोनदा वाचलं आणि मला रविवारी परभणीला सोबत चलता का म्हणून विचारलं.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मारोतराव ओशाळून उभे राहिले. बाबारावांनी सतरंजी मागितली, खाली बसले आणि पहिल्या सेटचं पाठीमागचं झाकण काढलं. त्यांचा हात कुठं अडखळला नाही. दुपारपर्यंत तीन सेट चालू झाले. हे कधी शिकलात, असं जावयानं विचारलं. बाबारावांनी फक्त डाग द्यायचं कथील पुढं करायला सांगितलं.

कथील शोधताना मारोतरावांच्या हाताला बाबारावांच्या पिशवीतली जाड वही लागली. त्यांनी ती मागं उभ्या असलेल्या सुनंदाकडं दिली. पानापानावर मंजुळच्या सेटच्या आतल्या जोडण्या पेन्सिलीनं काढल्या होत्या. हा माणूस भंगारातून सेट आणून, दार लावून, चार वर्षं ते उघडत बसला होता. मंजुळ हे नाव वहीत कुठंच नव्हतं. प्रत्येक चित्रावर एकच मथळा होता : 'सुनंदाच्या दुकानातला सेट'.

सुनंदानं वही मिटली. म्हणाली, "बाबा, आज ऱ्हावा."

"ऱ्हातो," बाबाराव मान वर न करता म्हणाले. "लय सेट पडलेत अजून."

मी चारच्या गाडीनं एकटाच पाथरीला परतलो.