मुख्य मशिनीची निवडणूक

जगात जे काही एकटं असतं ते केव्हा ना केव्हा बंद पडतं. रिसोडच्या हिरवळ भाजीपाला उत्पादक संघाला हे सत्य पुस्तक न वाचताच कळलं होतं, कारण संघाकडे मशीन एकच होती आणि लाईन गेली की तीही जायची. मशिनीतून निघालेल्या पावतीशिवाय संघाच्या आवारात कोणत्याही मालाची हर्रासी, म्हणजे लिलाव, होत नाही, आणि माल फाटकाबाहेरही जात नाही. (पावतीवर एक नंबर असतो. तो कशासाठी असतो याची चौकशी चालू आहे.)

म्हणून संघाने पुण्याहून शिकून आलेल्या सुप्रियाला काम दिलं. तिने रिसोड, केनवड आणि जऊळका अशा तीन ठिकाणी तीन मशिनी बसवून एकमेकींना जोडल्या. जे एकीला माहीत, ते तिघींना माहीत. पावती त्यांतली मुख्य मशीन देई; ती छापणारं रिसोडच्या आवारातलं यंत्र बॅटरीवर चाले. दर सेकंदाला त्या एकमेकींना विचारत, आहेस का? मुख्य मशीन गप्प झाली की उरलेल्या दोघी मतदान करून आपल्यातून नवी मुख्य निवडत. सगळं मिळून दोन सेकंद.

केनवडच्या गोजराबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसलं, की लाईन जाते पण रिसोडात पावती निघतच राहते, मेथी नऊच्या आत विकली जाते आणि वाफ्याला दुसरं पाणी द्यायला ती वेळेत घरी पोचते. हे पंधरा दिवस चाललं. मग संचालक मंडळाच्या लक्षात आलं.

"संघात मतदान होऊन राह्यलं, अन् आमाले नोटीस नाई?" अध्यक्ष जगदेवराव म्हणाले.

"काका, मुख्य कोनतीबी झाली तरी काई फरक पडत नाई," सुप्रिया म्हणाली.

संघाच्या सतरा वर्षांत असं वाक्य कोणी तोंडातून काढलं नव्हतं.

त्याच सभेत ठराव झाले. मशिनींनी मत द्यावं, पण ते सल्ला म्हणून. निवड संचालक करतील. मुख्य मशिनीला हार घालण्यात येईल. (हार मशिनीच्या पंख्याच्या जाळीवर येऊ नये, ही सुप्रियाची दुरुस्ती सहा विरुद्ध पाच मतांनी मंजूर.) निवड होईपर्यंत उरलेल्या मशिनींनी धोरणात्मक काम करू नये, आणि पावती हे धोरणात्मक काम समजावं. शिवाय चौथी मशीन जगदेवरावांच्या घरी बसवावी. त्यांचं घर हे वेगळं गाव धरण्यात यावं.

सुप्रिया म्हणाली, "चार केल्या तं दोन-दोन होतीन. मंग कोनीच मुख्य होनार नाई."

"मंग बोलनी करू," जऊळक्याचे संचालक मदनसिंग म्हणाले. ते बोलणी फार चांगली करतात.

चौथी मशीन बसली. पुढच्या मंगळवारी सकाळी पावणेनऊला रिसोडच्या आवाराची लाईन गेली आणि मुख्य मशीन गप्प झाली. गोजराबाई दोनशे जुड्या मेथी घेऊन आवारात उभी होती. महिनाभर जपलेला वाफा. तांबडं फुटायच्या आत उपटलेला. अकोल्याचा व्यापारी बारापर्यंत थांबणार होता, आणि मेथी फार तर तेवढीच थांबते.

"मदनसिंगभाऊ, मशीन चालू हाय ना?"

"हाय ना. चारातल्या तीन चालू हायेत, मावशी."

"मंग पावती द्या."

"कोन द्यायची, थेच ठरून राह्यलं."

आत संचालकांच्या सभेपुढे तीन उमेदवार होते: केनवड, जऊळका आणि अध्यक्षांचं घर. सुप्रिया म्हणाली, एक बटन दाबू द्या, दोन सेकंदांत होते. जगदेवराव म्हणाले, "घाई कायले करतं पोरी? लोकशाही हाय."

दहा वाजता गोजराबाईने मेथीवर पाणी शिंपडलं. अकराला तिने जुडीत हात घालून पाहिला. आत गरम लागलं. ती दारात गेली.

"कागदावर लेहून द्या न जगदेवभाऊ. पयले देत होते तसं."

"कागद एकच राह्यते बाई. फाटला तं?" जगदेवरावांनी तिला समजावलं. "कागदामागं दुसरा कागद उभा नसते."

"माह्या मेथीमागं कोनती मेथी उभी हाय?"

हा मुद्दा विषयपत्रिकेवर नव्हता.

बारा वाजता व्यापारी रिकामी गाडी घेऊन गेला. साडेबाराला बोलणी यशस्वी होऊन टाळ्या वाजल्या, हार आला. गोजराबाईने पोतं सोडलं तेव्हा पानं आतून काळी पडून चिकटली होती. तिने दोनशेच्या दोनशे जुड्या फाटकाबाहेरच्या गायींपुढे टाकल्या. (हा माल पावतीशिवाय बाहेर गेल्याची नोंद घेण्यात आली आहे.) मग रिकाम्या पोत्याची घडी काखेत धरून ती केनवडच्या जीपमध्ये बसली.

त्या दिवसाच्या अहवालात सेवेची उपलब्धता शंभर टक्के दाखवली आहे. चारातल्या तीन मशिनी अखंड चालू होत्या. तीन म्हणजे बहुमत, आणि बहुमत म्हणजे सगळे.

शेवटी मुख्य कोणती मशीन झाली हे सांगायचं राहूनच गेलं, असं तुमच्या मनात आलं असेल. हरकत नाही. पाचव्या मशिनीचा ठराव झाला आहे आणि तिच्याबरोबर संचालकाची एक जागा निघते आहे. हा प्रश्न पडणं हीच पात्रता, तेव्हा तुम्ही अर्ज करावा. गोजराबाईने जीपमध्ये बसेपर्यंत हा प्रश्न कोणाला विचारला नाही, त्यामुळे तिचा अर्ज बाद धरण्यात येईल.